संगणकाची कार्यप्रणाली : मुक्तस्रोत की व्यापारी?

जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरपट्टीची मागणी, विद्यार्थ्यांचा पट, निविदांची कागदपत्रे, कर्मचाऱ्यांची वेतनदेयके अशा शासकीय कारभाराचा फार मोठा भाग आज ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत संगणकावर चालतो. संगणक खरेदी करताना त्याची स्मृती किती, पडदा केवढा, हमी किती वर्षांची, याची चौकशी केली जाते. परंतु त्या यंत्राला प्रत्यक्ष चालविणारी जी कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्याविषयी क्वचितच विचार होतो. ती यंत्राबरोबर येते आणि आली तशी वापरली जाते.

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी हा विचार टाळणे अनेक कार्यालयांना अशक्य झाले. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या आपल्या कार्यप्रणालीच्या सर्वसाधारण आवृत्त्यांचा नियमित आधार त्या दिवशी संपविला. विंडोज ११ ही पुढील आवृत्ती बसविण्यासाठी संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि ठरावीक पिढीचा प्रक्रियक असावा लागतो. त्यामुळे उत्तम चालणारे अनेक जुने संगणक या अटीत बसत नाहीत. अशा वेळी नवीन यंत्र घेणे, काही काळापुरती विस्तारित दुरुस्ती-सेवा शुल्क भरून घेणे, अथवा दुसरी कार्यप्रणाली स्वीकारणे, असे तीन मार्ग उरतात. तिसऱ्या मार्गाचा विचार सुरू होताच मुक्तस्रोत आणि व्यापारी कार्यप्रणालींमधील जुना वाद कार्यालयाच्या दारात येऊन उभा राहतो. या वादातील दोन्ही पक्षांचे म्हणणे आणि त्यातून सार्वजनिक संस्थांनी घ्यावयाचा बोध यांचा येथे विचार केला आहे.

कार्यप्रणाली म्हणजे काय?

संगणकाचे यंत्र स्वतः होऊन काहीही करीत नाही. पत्र लिहिण्याची, हिशेब मांडण्याची किंवा संकेतस्थळ पाहण्याची आज्ञावली त्यावर चालवावी लागते. एकाच वेळी अशा अनेक आज्ञावल्या चालू असतात आणि प्रत्येकीला प्रक्रियक, स्मृती, मुद्रक व साठवणीची जागा हवी असते. कालव्याच्या पाण्यावर अनेक शेतकऱ्यांचा हक्क असला, तरी कोणाची पाळी केव्हा आणि किती वेळ, हे पाटकरी ठरवितो. कार्यप्रणाली संगणकात नेमके हेच काम करते. ती प्रत्येक आज्ञावलीला तिचा वाटा देते, एकीला दुसरीच्या वाट्यात शिरू देत नाही आणि कोणत्या वापरकर्त्याला कोणती धारिका उघडता येईल यावर नजर ठेवते.

या कार्यप्रणालीचे सूचनाबद्ध लेखन म्हणजे तिचा सोर्स कोड किंवा मूळ आज्ञालेख होय. व्यापारी कार्यप्रणालीचा मूळ आज्ञालेख सामान्यतः उत्पादक कंपनीच्या ताब्यात असतो. ग्राहकाला मिळतो तो वापराचा परवाना. मुक्तस्रोत कार्यप्रणालीचा मूळ आज्ञालेख सर्वांना वाचता येतो, बदलता येतो आणि परवान्याच्या अटी पाळून इतरांना देताही येतो. वादाचे मूळ या भेदात आहे.

दोन विचारांचा उगम

प्रारंभीच्या काळात संगणकाची आज्ञावली यंत्राबरोबरच मिळत असे आणि तिची वेगळी किंमत आकारली जात नसे. १९६९ मध्ये आयबीएम कंपनीने यंत्र आणि आज्ञावली यांच्या किमती वेगळ्या करण्याचा निर्णय जाहीर केला आणि आज्ञावली ही स्वतंत्र विक्रीची वस्तू बनण्यास चालना मिळाली. त्याच वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स या कार्यप्रणालीच्या कामास आरंभ झाला. पुढील अनेक कार्यप्रणालींची घडण तिच्या धर्तीवर झाली.

फेब्रुवारी १९७६ मध्ये मायक्रोसॉफ्टचे एक संस्थापक बिल गेट्स यांनी संगणकाच्या छांदिष्टांना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. आज्ञावलीच्या नकला मोबदला न देता वाटल्या गेल्या, तर चांगली आज्ञावली तयार करण्याचे श्रम कोण घेईल, असा त्या पत्राचा आशय होता. व्यापारी पक्षाची मूळ भूमिका आजही हीच आहे. याच कंपनीची एमएस-डॉस ही प्रणाली १९८१ मध्ये आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाबरोबर आणि विंडोज ही १९८५ मध्ये बाजारात आली.

दुसऱ्या विचाराचा पुरस्कार रिचर्ड स्टॉलमन यांनी केला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत काम करणाऱ्या स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू हा प्रकल्प जाहीर केला. आज्ञावली चालविणे, अभ्यासणे, बदलणे आणि वाटणे ही चार स्वातंत्र्ये वापरकर्त्याला असली पाहिजेत, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या स्वातंत्र्यांना कायदेशीर आधार देणारा जीपीएल हा परवाना १९८९ मध्ये तयार झाला. १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टॉरवल्ड्स यांनी लिनक्स हा कार्यप्रणालीचा गाभा लिहिण्यास घेतला आणि १९९२ मध्ये तो जीपीएल परवान्याखाली खुला केला. हा गाभा आणि ग्नूसारख्या प्रकल्पांतील साधने एकत्र येऊन संपूर्ण मुक्तस्रोत कार्यप्रणाली साकार झाली. डेबियन, उबुंटू, फेडोरा ही तिची निरनिराळी वितरणे होत.

आज दोन्ही परंपरांनी आपापली क्षेत्रे व्यापली आहेत. कार्यालयीन मेजावरील संगणकांत विंडोजचे वर्चस्व स्पष्ट दिसते. याउलट जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आले आहे. अँड्रॉइड भ्रमणध्वनीचा गाभाही लिनक्सच आहे. म्हणजे विंडोजशिवाय दुसरे काही हाताळले नाही असे मानणारे अनेक जण खिशातल्या लिनक्सवर रोज काम करीत असतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मुक्तस्रोत म्हणजे फुकट नव्हे. रेड हॅट ही कंपनी लिनक्सवर आधारित कार्यप्रणालीची सेवा वार्षिक वर्गणी घेऊन पुरविते. आयबीएमने २०१९ मध्ये ती सुमारे ३,४०० कोटी डॉलरना विकत घेतली. तेव्हा मुक्तस्रोताचाही व्यापार होऊ शकतो. ‘व्यापारी’ हा शब्द या चर्चेत रूढ असला, तरी खरा विरोध मुक्त आणि बंदिस्त यांच्यात आहे.

व्यापारी प्रणालीची बाजू

व्यापारी कार्यप्रणालीचे पहिले बळ म्हणजे परिचय. कर्मचारी तिच्यावरच शिकलेले असतात, तालुक्याच्या गावी तिची दुरुस्ती करणारा माणूस मिळतो आणि बाजारातील बहुतेक मुद्रक व स्कॅनर तिच्यावर विनासायास चालतात. टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रचलित आज्ञावल्या विंडोजसाठीच तयार केलेल्या आहेत. मुख्याध्यापकाला किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याला संगणकशास्त्राचा अभ्यास करावयाचा नसतो. त्याला त्या दिवशीचा दाखला द्यावयाचा असतो. ही गरज क्षुल्लक मानून चालणार नाही.

दुसरे बळ उत्तरदायित्वाचे. उत्पादक एक असतो, करार त्याच्याशी होतो आणि आधार किती वर्षे मिळेल हे तो अगोदर जाहीर करतो. मात्र या उत्तरदायित्वाला मर्यादा आहेत. परवान्याच्या अटींमध्ये उत्पादकाने आपली जबाबदारी सामान्यतः बरीच आकुंचित केलेली असते. आधार केव्हा थांबवावयाचा हेही तोच ठरवितो.

जुलै २०२५ मधील एक घटना या संदर्भात लक्षणीय आहे. युरोपीय संघाने निर्बंध लादल्यानंतर गुजरातेत तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या नायरा एनर्जी या कंपनीच्या मायक्रोसॉफ्टकडील सेवा खंडित झाल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांतच सेवा पूर्ववत झाल्या. हा प्रश्न ई-मेलसारख्या सेवांचा होता, कार्यप्रणालीचा नव्हे. तरीही दैनंदिन कामाची किल्ली परक्या कायद्याला बांधलेल्या पुरवठादाराकडे असली म्हणजे काय घडू शकते, हे त्यातून दिसून आले.

मुक्तस्रोत प्रणालीची बाजू

मुक्तस्रोत प्रणालीसाठी प्रत्येक यंत्रामागे परवाना-शुल्क भरावे लागत नाही. ज्या शाळेत वीस संगणक आहेत, तेथे ही बाब महत्त्वाची ठरते. तिची हलकी वितरणे जुन्या संगणकांवरही समाधानकारक चालतात. परिणामी यंत्राचे आयुष्य वाढते. एखाद्या पुरवठादाराने काम सोडले, तरी मूळ आज्ञालेख उपलब्ध असल्यामुळे दुसऱ्या संस्थेकडून देखभाल करून घेता येते. स्थानिक भाषेच्या गरजेसाठी कोणाच्याही परवानगीची वाट पाहावी लागत नाही. मराठीसह अनेक भारतीय भाषांतील लिनक्सच्या पडद्यावरील सूचना मोठ्या प्रमाणात स्वयंसेवकांनी भाषांतरित केल्या आहेत.

या बाजूच्याही मर्यादा आहेत. वितरणांची संख्या मोठी असल्यामुळे नवख्या माणसाचा गोंधळ उडतो. जिल्हा पातळीवर जाणकार तंत्रज्ञ सहज मिळतोच असे नाही. काही मुद्रक, बोटांचे ठसे घेणारी यंत्रे आणि डिजिटल स्वाक्षरीची यूएसबी साधने यांच्यासाठी लागणारी चालक-आज्ञावली लिनक्सकरिता मिळते की नाही, हे आधी तपासावे लागते. ग्रामपंचायतीची देयके डिजिटल स्वाक्षरीने अदा होतात. ती स्वाक्षरी नव्या प्रणालीवर उमटली नाही, तर परवान्यावर वाचविलेल्या पैशाचा काहीही उपयोग होणार नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न

मूळ आज्ञालेख सर्वांना दिसतो म्हणून मुक्तस्रोत प्रणाली अधिक सुरक्षित, असे एक पक्ष म्हणतो. तो सर्वांना दिसतो म्हणूनच ती कमी सुरक्षित, असे दुसरा म्हणतो. अनुभव पाहता दोन्ही विधाने अपुरी ठरतात.

१२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर आज्ञावलीने दीडशेच्या आसपास देशांतील विंडोज संगणकांवर हल्ला केला आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील अनेक रुग्णालयांचे काम विस्कळीत झाले. ज्या दोषाचा फायदा घेण्यात आला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने आधार चालू असलेल्या आवृत्त्यांसाठी मार्च २०१७ मध्येच दिली होती. असंख्य संगणकांवर ती बसविलेली नव्हती. दुसरीकडे, ओपनएसएसएल या मुक्तस्रोत घटकातील हार्टब्लीड नावाचा दोष एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आला. त्यापूर्वी सुमारे दोन वर्षे तो सर्वांच्या डोळ्यांसमोर असूनही कोणाच्या ध्यानात आला नव्हता.

मार्च २०२४ मधील एक्सझेड प्रकरण अधिक बोधप्रद आहे. लिनक्सच्या वितरणांत वापरल्या जाणाऱ्या एका लहानशा मुक्तस्रोत घटकात, दीर्घकाळ काम करून विश्वास संपादन केलेल्या सहभाग्याने चोरवाट बसविल्याचे निदर्शनास आले. संगणकात प्रवेश करताना लागणारा सुमारे अर्ध्या सेकंदाचा जादा वेळ आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकला. आज्ञालेख खुला असल्यामुळे त्याला मुळापर्यंत जाता आले आणि मोठे संकट टळले. हा अभियंता मायक्रोसॉफ्टच्या सेवेत होता, ही गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे. खुलेपणामुळे तपासणी शक्य होते, परंतु ती कोणीतरी प्रत्यक्ष करावी लागते. कोणतीही प्रणाली असो, वेळच्या वेळी दुरुस्त्या बसविणारा जबाबदार माणूस नेमलेला नसेल, तर ती सुरक्षित राहत नाही.

खर्चाचा हिशेब : केरळचा अनुभव

शालेय शिक्षणात मुक्तस्रोत प्रणालीचा सर्वांत व्यापक प्रयोग आपल्या देशात केरळने केला. तेथील ‘आयटी अॅट स्कूल’ हा प्रकल्प २००१ च्या सुमारास सुरू झाला. पुढे त्यात टप्प्याटप्प्याने लिनक्सचा स्वीकार करण्यात आला आणि २०१७ मध्ये या प्रकल्पाचे ‘काइट’ या शासकीय कंपनीत रूपांतर झाले. शाळांसाठी ही संस्था उबुंटूवर आधारित स्वतंत्र कार्यप्रणाली तयार करते.

मुक्तस्रोत आज्ञावलीमुळे सुमारे दोन लाख संगणकांमागे ३,००० कोटी रुपयांची बचत होईल, असा अंदाज या संस्थेने २०१९ मध्ये मांडला होता. हा आकडा जपून वाचला पाहिजे. त्याचा अर्थ दर संगणकामागे दीड लाख रुपये असा होतो. एकट्या कार्यप्रणालीचा परवाना इतका महाग नसतो. चित्रकला, ध्वनिसंपादन, भूगोल, गणित अशा अनेक विषयांच्या आज्ञावल्या बाजारभावाने विकत घेतल्या असत्या तर, असा तो हिशेब आहे. शिक्षणसंस्थांना मिळणाऱ्या सवलती धरल्यास रक्कम कमी होईल. शिवाय कोणतीही शाळा तो सर्व संच विकत घेईलच असेही नाही.

केरळच्या यशाचे रहस्य या आकड्यापेक्षा शिक्षकांच्या तयारीत आहे. त्या राज्याने शिक्षकांमधूनच प्रशिक्षक घडविले, पाठ्यपुस्तके त्या प्रणालीला अनुसरून लिहिली आणि शालान्त परीक्षेतील माहिती तंत्रज्ञानाची प्रात्यक्षिकेही तिच्यावरच घेतली. प्रणाली, पुस्तक, शिक्षक आणि परीक्षा ही चारही चाके एका दिशेने फिरली. नुसती तबकडी वाटून हे साध्य झाले नसते.

विद्यार्थ्याला पुढे नोकरीत विंडोजच वापरावी लागेल, मग त्याला दुसरे का शिकवावे, हा आक्षेप शिक्षकांकडून वारंवार घेतला जातो. तो निराधार नाही. तथापि आज पाचवीत असलेला विद्यार्थी नोकरीस लागेपर्यंत आजची आवृत्ती कालबाह्य झालेली असेल. कोणती कळ कोठे आहे हे पाठ करण्यापेक्षा धारिका म्हणजे काय, ती कोठे साठते, परवानगी कोणाची लागते, हे ज्याला समजले, तो कोणत्याही प्रणालीवर लवकर रुळतो. ज्या शाळेत शक्य असेल, तेथे दोन्हींची ओळख करून देणे हाच उत्तम मार्ग होय.

म्युनिकचा धडा

जर्मनीतील म्युनिक महानगरपालिकेचा अनुभव दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने सांगतात. तेथील संगणकांवर असलेल्या विंडोज एनटी ४ या आवृत्तीचा आधार संपत आला, तेव्हा २००३ मध्ये महापालिकेने लिनक्सकडे वळण्याचा निर्णय घेतला. म्हणजे आज अनेक कार्यालयांपुढे असलेली परिस्थिती त्या शहरापुढे वीस वर्षांपूर्वीच उभी राहिली होती. ‘लिमक्स’ या नावाने हे काम २०१३ पर्यंत चालले आणि सुमारे १५,००० संगणक नव्या प्रणालीवर आले. २०१२ मध्ये महापालिकेने केलेल्या हिशेबानुसार एक कोटी युरोहून अधिक बचत झाली होती. मायक्रोसॉफ्टच्या वतीने करून घेतलेल्या दुसऱ्या अभ्यासात या हिशेबाला आव्हान देण्यात आले.

नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याच महापालिकेने विंडोजकडे परतण्याचे ठरविले. २०२० मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने शक्य तेथे मुक्तस्रोतालाच प्राधान्य देण्याचे पुन्हा मान्य केले. या चढउतारात दोष कोणत्या प्रणालीचा, असे विचारणे सोपे आहे. कर्मचाऱ्यांच्या प्रत्यक्ष तक्रारी मात्र बाहेरून आलेले दस्तऐवज नीट न उघडणे, विशिष्ट कामाच्या आज्ञावल्या केवळ विंडोजसाठी असणे आणि दुरुस्तीस विलंब लागणे अशा होत्या. २०१६ मध्ये सल्लागार संस्थेने दिलेल्या अहवालातही महापालिकेच्या संगणक विभागांच्या विस्कळीत रचनेवर विशेष बोट ठेवण्यात आले होते.

फ्रान्सच्या जांदार्मेरी या पोलीस दलाने निराळा क्रम धरला. २००५ मध्ये त्याने प्रथम ओपनऑफिस ही कार्यालयीन आज्ञावली विंडोजवरच वापरावयास घेतली. त्यानंतर फायरफॉक्स हा ब्राउझर आणि थंडरबर्ड ही ई-मेलची आज्ञावली आली. कर्मचारी या साधनांना सरावल्यावर २००८ पासून उबुंटूकडे संक्रमण सुरू झाले. तोवर पडद्यावरील रोजची साधने तीच राहिल्याने खालची प्रणाली बदलली, तरी कामाची घडी मोडली नाही. आधी दस्तऐवज, मग साधने आणि शेवटी कार्यप्रणाली हा क्रम लहान कार्यालयांनाही अनुसरता येण्यासारखा आहे.

खरी किल्ली दस्तऐवजांत

दस्तऐवजांचे महत्त्व मराठी वाचकाला परदेशी उदाहरणांवाचूनही पटावे. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या टंकांत, म्हणजे फॉन्टमध्ये, लिहिला जात असे. प्रत्येक टंकाची अक्षरयोजना वेगळी होती. संगणकात साठत ती इंग्रजी अक्षरांची चिन्हे, आणि त्यांना देवनागरीचे रूप तो विशिष्ट टंक देत असे. तो टंक नसलेल्या संगणकावर धारिका उघडली की ठरावाच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसे. मजकूर कार्यालयाचा, टंकलेखन कार्यालयाचे, परंतु वाचण्याचा अधिकार जणू टंक विकणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहिला.

युनिकोडने ही कोंडी फोडली. १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासूनच या मानकात देवनागरीचा समावेश आहे. त्यात प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असतो. ‘क’ या अक्षराचा क्रमांक ०९१५ आहे आणि तो विंडोजवर, लिनक्सवर आणि भ्रमणध्वनीवर एकच राहतो. इनस्क्रिप्ट या कळफलकाचेही तसेच आहे. त्याची रचना दोन्ही प्रणालींवर मिळते, त्यामुळे तो शिकलेल्या लिपिकाला प्रणाली बदलल्यावर टंकलेखन नव्याने शिकावे लागत नाही.

धारिकेच्या स्वरूपालाही हाच न्याय लागू पडतो. ओडीएफ हे दस्तऐवजांचे खुले स्वरूप २००६ मध्ये आणि पीडीएफ हे २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाले. मायक्रोसॉफ्टच्या डॉक्सएक्स या स्वरूपामागील मानकालाही २००८ मध्ये मान्यता मिळाली. मानकाची रचना जाहीर असल्यामुळे कोणत्याही कंपनीला ती धारिका उघडणारी आज्ञावली तयार करता येते. ज्या कार्यालयाचे दस्तऐवज युनिकोडमध्ये आणि खुल्या स्वरूपात आहेत, ते आज विंडोज वापरीत असले, तरी उद्या लिनक्सकडे जाऊ शकते आणि न जमल्यास परतही येऊ शकते. ज्याचे दस्तऐवज बंदिस्त स्वरूपात अडकले आहेत, त्याने लिनक्स बसविली, तरी ते मुक्त होत नाही.

शासनाचे धोरण

केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण अधिसूचित केले. मानकाच्या वापरासाठी स्वामित्वशुल्क द्यावे लागू नये, असा त्याचा कटाक्ष आहे. मार्च २०१५ मध्ये मुक्तस्रोत आज्ञावलीच्या स्वीकाराचे धोरण जाहीर झाले. ते केंद्र शासनाच्या संघटनांना आणि ज्या राज्यांनी ते स्वीकारले त्यांना लागू आहे. निविदेत मुक्तस्रोत पर्यायाचा विचार करणे त्याने अनिवार्य केले असून हा पर्याय वगळावयाचा झाल्यास कारण नमूद करण्यास सांगितले आहे. व्यापारी आज्ञावलीवर त्यात सरसकट बंदी नाही. क्षमता, सुरक्षा, नियंत्रण, आधाराची गरज आणि संपूर्ण आयुष्यातील खर्च यांची तुलना करून निर्णय घ्यावा, असा त्याचा दृष्टिकोन आहे.

पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने डेबियनवर आधारित ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणाली विकसित केली. तिची पहिली आवृत्ती २००७ मध्ये आली. तिच्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे आणि शाळांसाठी ‘एज्युबॉस’ ही आवृत्तीही तयार करण्यात आली आहे.

निर्णय कसा घ्यावा?

शाळेने अथवा पंचायतीने कार्यप्रणालीचा निर्णय करताना पुढील क्रमाने विचार करणे उपयुक्त ठरेल.

पहिली गोष्ट, कार्यालयात चालणाऱ्या कामांची यादी करावी. ई-ग्रामस्वराजसारखी संकेतस्थळे ब्राउझरमधून चालतात. अशा कामांना कार्यप्रणालीचे बंधन फारसे नसते. जी कामे विशिष्ट आज्ञावलीवर किंवा यंत्रावर अवलंबून आहेत, ती वेगळी काढावीत. डिजिटल स्वाक्षरी, मुद्रक आणि स्कॅनर यांची चाचणी एका संगणकावर घेतल्याशिवाय सर्व संगणकांना हात लावू नये.

दुसरी गोष्ट, खर्च पाच वर्षांचा मांडावा. परवाना, प्रशिक्षण, दुरुस्ती, काम थांबल्याने होणारे नुकसान आणि नवीन यंत्रांची खरेदी या सर्व रकमा एका तक्त्यात आल्या पाहिजेत. आयुष्य संपण्यापूर्वीच मोडीत निघणाऱ्या यंत्राची किंमतही त्यात धरावी.

तिसरी गोष्ट, जुने मराठी दस्तऐवज युनिकोडमध्ये आणावेत आणि नवीन दस्तऐवज खुल्या स्वरूपात साठवावेत. लिबरऑफिस ही मुक्तस्रोत कार्यालयीन आज्ञावली विंडोजवरही चालते. म्हणून हे काम कार्यप्रणाली न बदलता आजच सुरू करता येते.

चौथी गोष्ट, दुरुस्त्या कोण बसविणार आणि धारिकांची प्रत कोण ठेवणार, हे लेखी ठरवावे. ज्या कार्यालयाजवळ लिनक्सचा जाणकार नाही आणि तो मिळण्याची व्यवस्थाही नाही, त्याने केवळ शुल्क वाचविण्यासाठी घाई करू नये. उलट जेथे एखादा उत्साही शिक्षक किंवा तंत्रज्ञ आहे, तेथे त्याचे ज्ञान दुसऱ्या दोघांपर्यंत तरी पोहोचवावे, अन्यथा त्याची बदली होताच व्यवस्था कोलमडेल.

एक मार्ग मात्र पूर्णतः वर्ज्य मानला पाहिजे. तो म्हणजे विंडोजची बेकायदा नक्कल वापरण्याचा. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा कॉपीराइट अधिनियम, १९५७ अन्वये गुन्हा आहे. अशा प्रतींबरोबर घातक आज्ञावल्या येण्याचा धोकाही असतो. परवान्याचे शुल्क परवडत नसेल, तर मुक्तस्रोत प्रणाली हा त्यावरील प्रामाणिक आणि कायदेशीर उपाय आहे.

सार्वजनिक नोंदींचे दायित्व

खाजगी व्यक्तीने आपल्या घरी कोणती कार्यप्रणाली वापरावी, हा तिच्या पसंतीचा प्रश्न आहे. सार्वजनिक कार्यालयाची स्थिती वेगळी आहे. पंचायतीकडील जन्माची नोंद, ग्रामसभेचा ठराव, शाळेचा दाखला यांचे आयुष्य कोणत्याही संगणकापेक्षा आणि कोणत्याही कंपनीच्या एका आवृत्तीपेक्षा मोठे असते. आज नोंदविलेल्या बालकाला ती नोंद साठ वर्षांनी निवृत्तिवेतनासाठी लागू शकते. त्या वेळी ती वाचता येणे ही नागरिकाच्या हक्काची बाब आहे.

मुक्तस्रोत आणि व्यापारी हे दोन्ही मार्ग या कसोटीवर उतरू शकतात. जे कार्यालय आपल्या नोंदी खुल्या मानकांत ठेवते, आपली माणसे शिकवून तयार करते आणि पुरवठादार बदलण्याची वाट मोकळी राखते, त्याने कोणतीही प्रणाली निवडली, तरी नोंदींची किल्ली त्याच्याच हाती राहील. ती किल्ली सांभाळणे हे त्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक कार्यालयाचे कर्तव्य आहे.